लहरींचा तोल

आम्हां वर्तकनगरवासीयांस कल्याण म्हटलें कीं दुर्गाडीचा किल्ला आठवतो, नाहीं तर आगगाड्यांचें जंक्शन. परंतु भारतीय विज्ञानाच्या इतिहासांत कल्याणचें नांव आणखी एका कारणासाठीं नोंदलें जावयास हवें. १९६५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील गोविंद स्वरूप व त्यांचे तरुण सहकारी यांनीं तेथें ३२ तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभी केली. सुमारें १.८ मीटर व्यासाच्या या तबकड्यांनीं पूर्वीं ऑस्ट्रेलियांत पॉट्स हिल येथें सूर्याचा वेध घेतला होता. कल्याणासही त्या सूर्यच न्याहाळीत. दर सेकंदास ६१ कोटी कंपनें करणाऱ्या, सुमारें अर्धा मीटर लांबीच्या लहरी त्या टिपीत असत. पुढें उटकमंडची दुर्बीण व नारायणगांवजवळ खोडद येथील विशाल दुर्बीण स्वरूप यांच्याच नेतृत्वाखालीं उभ्या राहिल्या.

येथें वाचक विचारील कीं, आलेली लहर सबळ कीं दुर्बळ हें ठरवावयाचें कशानें? वाण्याच्या तराजूस जसें प्रमाणित वजन, तशी ग्राहक यंत्राच्या परीक्षेस बल ठाऊक असलेली लहर लागते. अशी लहर पुरविणारें यंत्र म्हणजे सिग्नल जनरेटर. त्याचा इतिहास हा दोन प्रश्नांचा इतिहास आहे: लहर उत्पन्न कशी करावी, आणि ती एका पातळीवर कशी राखावी?

पहिल्या प्रश्नास हर्ट्झनें १८८८ च्या सुमारास ठिणगीनें उत्तर दिलें. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास ठिणगीपासूनच अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरी मिळविल्या. परंतु ठिणगी दोन्ही अर्थांनीं लहरी! तिची प्रत्येक लहर उमटतांच विरूं लागे, व एक ठिणगी दुसरीसारखी नसे. अखंड सूक्ष्मलहरीसाठीं जें साधन पुढें फार उपयोगीं पडलें, तें क्लायस्ट्रॉन रसेल व सिगर्ड व्हेरिअन या बंधूंनीं १९३७ सालीं स्टॅनफर्ड येथें सिद्ध केलें. त्यांत इलेक्ट्रॉनांचा प्रवाह एका पोकळींतून जातांना कांहीं इलेक्ट्रॉन वेगावतात, कांहीं मंदावतात. त्यामुळें वाटेंत त्यांचे घोळके बनतात, व ते दुसऱ्या पोकळीस आपली शक्ति देतात. स्वरूप स्वदेशीं परतले त्याच १९६३ सालीं गन या शास्त्रज्ञानें असें प्रसिद्ध केलें कीं, गॅलियम आर्सेनाइडच्या लहानशा तुकड्यास पुरेसा विद्युद्दाब दिला असतां तोच सूक्ष्मलहरी उत्पन्न करूं लागतो.

दुसरा प्रश्न अधिक चिवट. कंपनसंख्या बदलली, यंत्र तापलें किंवा जुनें झालें कीं लहरीचें बल बदलतें. विल्यम ह्यूलेट यांनीं १९३९ सालीं ध्वनीच्या कक्षेंतील आंदोलकांत एक साधा विजेचा दिवा बसवून यावर सुंदर तोड काढली. आंदोलन वाढलें कीं दिव्याची तार तापे, तिचा रोध वाढे, व आंदोलन आपोआप आवरलें जाई.

सूक्ष्मलहरींच्या यंत्रांत हेंच काम एक वलय करितें. बाहेर जाणाऱ्या लहरीचा अल्पसा अंश एक युग्मक बाजूस काढतो. शोधक त्याचें विद्युद्दाबांत रूपांतर करितो. त्या दाबाची ठरविलेल्या दाबाशीं तुलना होते. आणि जो फरक पडेल त्याप्रमाणें वाटेंतील पिन-डायोडचा क्षीणकारक लहरीस कमी वा अधिक अडवितो. बल वाढलें तर अडसर वाढतो, घटलें तर सैल होतो.

तथापि या व्यवस्थेस मर्यादा आहेत. शोधक स्वतःच उष्णतेनें चळला, तर वलय त्याच्या चुकीच्या मापालाच प्रामाणिकपणें चिकटून राहील. युग्मकाच्या पुढील तारेंत जो ऱ्हास होईल, त्याची तर वलयास वार्ताही नसते. म्हणून शोधकाचें माप शक्तिमापकाशीं, आणि त्याचें राष्ट्रीय प्रमाणाशीं वेळोवेळीं ताडून पाहावें लागतें.

हा केवळ यंत्रज्ञांचा काटेकोरपणा नव्हे. प्रमाण लहरच नकळत ढळली, तर ग्राहक यंत्राचा दोष संशोधक सूर्याच्या माथीं मारील, आणि तो प्रामाणिक असूनही असत्यच लिहून ठेवील. कल्याणच्या तबकड्यांविषयीं अभिमान बाळगतांना आम्हांस त्यांच्यामागील या अदृश्य तोलाचेंही स्मरण असावें.