धुराडं नसलेलं जहाज

फेब्रुवारी १९१२. कोपनहेगनच्या धक्क्यावर तुम्ही कोटाची कॉलर वर करून उभे आहात. आजूबाजूच्या आगबोटी काळा धूर ओकताहेत, कोळशाची पूड दातांखाली कचकचते आहे. समोरच्या ‘सेलांडिया’वर मात्र तीन डोलकाठ्या आहेत आणि धुराडं एकही नाही. ती बँकॉकला निघाली आहे. तुम्ही तिच्या पोटात उतरता. कोळशाच्या भट्ट्या नाहीत, फावडी घेऊन घामाघूम झालेली माणसं नाहीत. डिझेलची दोन इंजिनं धडधडताहेत आणि त्यांचा धूर एका डोलकाठीवाटे वर निघून जातो आहे. जहाजांचा धूर संपला, असं तुम्हाला वाटतं. फसगत होते ती इथेच.

आता १९९० च्या दशकात या, एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये. इंजिन डिझेलच्याच जातीचं, पण टाकीत आहे तो कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरलेला गाळ. तो डांबरासारखा घट्ट, शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात जात नाही. त्यात शेकडा दोन-तीन भाग गंधक. ते जळून झालेला वायू काजळीसह वाऱ्यावर किनारा गाठतो आणि बंदराकाठच्या माणसांच्या छातीत उतरतो. गंधकाची जागतिक मर्यादा ०.५ टक्क्यावर यायला २०२० साल उजाडतं. त्यानंतरही कार्बन डायऑक्साइड सुटतोच.

पुन्हा कोपनहेगन, १४ सप्टेंबर २०२३. युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन ‘लॉरा मर्स्क’चं नामकरण करताहेत. हे कंटेनर जहाज दक्षिण कोरियातल्या उल्सानहून मिथेनॉलवर इथवर आलं आहे. मिथेनॉलमध्ये गंधक नाही, काजळीही नगण्य. मात्र लिटरमागे ऊर्जा तेलाच्या निम्म्याहून कमी, म्हणून टाक्या अवाढव्य.

तुम्ही १९१२ पाहून आला आहात, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी विचारा: हे मिथेनॉल बनतं कशापासून? जगातलं बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनतं. तसलं भरलं, तर समुद्रावरचा धूर जमिनीवरच्या कारखान्यात गेला, एवढंच.

उत्तरासाठी मे २०२५ मध्ये डेन्मार्कमधल्याच कासोला चला. इथे उन्हाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढतात आणि बायोगॅस प्रकल्पातल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग घडवून मिथेनॉल बनवतात. झाडापिकांनी हवेतून घेतलेला कार्बनच जहाजातून हवेत परततो. कारखान्याची क्षमता वर्षाला ४२,००० टन. जगातली जहाजं मात्र वर्षाला वीस कोटी टनांहून जास्त इंधन जाळतात.

म्हणजे असे हजारो कारखाने लागतील, आणि हे इंधन तेलापेक्षा कितीतरी महाग आहे. जहाज कंपन्यांकडून इंधनाचा हिशेब ते तयार होतं तिथपासून मागितला, आणि घाण इंधनाची खरी किंमत त्यांच्याकडून वसूल केली, तरच हे कारखाने उभे राहतील. नुसत्या धुराड्याकडे बघून समाधान मानायची चूक जगाने एकदा केली आहे. ती पुन्हा परवडणार नाही.