आजन्म उमेदवार : फादर नेहेम्या गोरे

पुण्याचे पंचहौद मिशन मराठी वाचकाला ठाऊक असते ते १८९० सालच्या चहाच्या ग्रामण्यामुळे. टिळक-रानड्यांनी तिथे चहा घेतला की नुसता पेला हातात धरला, यावर आपल्याकडे भरपूर शाई खर्च झाली आहे. ज्यांच्या अंगणात हे सगळे घडले त्या काउली फादरांविषयी मात्र कोणी फारसे विचारत नाही. त्यांच्याच संघात एक कोकणस्थ ब्राह्मण होता आणि तो जवळजवळ वीस वर्षे त्या संघाचा उमेदवारच राहिला, हे तर त्याहून कमी लोकांना माहीत असेल.

नीलकंठशास्त्री गोरे यांचे आडनाव कुणी गोऱ्हे असेही लिहितात. त्यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या काशीपुऱ्यात झाला आणि वाढले ते बनारसला. घराणे शास्त्र्यांचे व कारभाऱ्यांचे. कंपनी सरकारच्या नोकरीतले संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची थोरवी मांडली होती. त्याला जी उत्तरे लिहिली गेली त्यांतले एक, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, या नीलकंठशास्त्र्यांचे. तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकोणीस-वीस. स. ल. कात्रे यांनी १९५१ साली उज्जैनहून हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. तो वाचताना पोरवयाचा मागमूस लागत नाही. पूर्वजन्म मानायचा नाही, तर निष्पाप प्राण्यांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचा हिशेब कसा लावणार? दयाळू ईश्वर कधीही न संपणारा नरक कसा देईल? आणि सगळ्यांत मुद्द्याचे म्हणजे, धर्माच्या बाबतीत तर्क हा श्रद्धेचा मालक नव्हे, चाकर आहे.

असे लिहिणारा माणूस बनारसमध्ये विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालायला गेला आणि वाद घालता घालता स्वतःच डळमळला. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बनारसमध्ये घेणे घरच्यांनी शक्यच ठेवले नव्हते. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या. १८५३ साली मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाई गेल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी, युरोपियन कुटुंबांत वाढली. हा माणूस धर्मासाठी काय काय सोडून आला, हे सांगायला त्याचे चरित्रकार विसरत नाहीत. मुलीच्या वाट्याला काय आले, हे ते ओझरते सांगतात.

१८५४ साली महाराजा दलीपसिंगांचे पंडित म्हणून गोरे इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डला मॅक्सम्यूलरची गाठ पडली, आणि त्या भेटीची आठवण मॅक्सम्यूलरने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. शास्त्री अतिशय खिन्न होते. पुस्तकात वाचलेला ख्रिस्ती धर्म त्यांना लंडनच्या रस्त्यांवर कुठे दिसेना. हाच जर तो धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, अशा टोकाला ते आले होते. मॅक्सम्यूलरला रंगवून सांगायची हौस होती, हे ध्यानात ठेवूनही मला हा प्रसंग खरा वाटतो, कारण पुढचे सारे आयुष्य त्याच्याशी जुळते.

परत आल्यावर १८६० साली त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले. सहाही दर्शनांची तर्काने झडती घेणारा हा ग्रंथ. ज्या तर्काला पंधरा वर्षांपूर्वी चाकर म्हटले होते, त्यालाच इथे न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवले आहे. पण न्यायाधीश एकदा बसवला की तो एकाच पक्षाची झडती घेऊन उठत नाही. गोऱ्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. ख्रिस्ती मताविषयीच्या शंका त्यांना अधूनमधून पछाडत राहिल्या. आधार त्यांनी शोधला तो चर्चच्या परंपरेत, तिच्या प्राचीन अधिकारात. १८६८ साली ते डीकन झाले, १८७० साली धर्मगुरू. १८७६ साली ऑक्सफर्डजवळच्या काउलीला जाऊन ते रिचर्ड बेन्सन यांनी स्थापलेल्या संन्यस्त संघात उमेदवार म्हणून दाखल झाले.

अशा संघात उमेदवारी ही पायरी असते. ठरावीक काळ संघाच्या शिस्तीत राहायचे, मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची शपथ घ्यायची. गोऱ्यांनी ती कधीच घेतली नाही. पहिल्या दोन व्रतांची अडचण असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या फकिरी राहणीचे दाखले मित्रांनी दिले आहेत आणि विरोधकांनीही. याला मनाचा कमकुवतपणा म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. शास्त्राच्या शिस्तीत वाढलेल्याला पूर्वपक्ष पुरता खोडल्याशिवाय सिद्धान्त मांडता येत नाही, आणि इथे पूर्वपक्ष खुद्द त्यांनीच लिहिलेला होता. आपल्या मनाची खात्री आजन्म टिकेल असे ज्याला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, त्याने आजन्म बांधणारी शपथ घ्यावी का? त्यांनी काम सोडले नाही, संघ सोडला नाही. खोटी ठरू शकेल अशी शपथ तेवढी घेतली नाही.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात गोरे येतात ते इथेच. पुण्यात त्यांची ओळख झाली. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर गोऱ्यांनी त्यांना लिहिलेल्या पत्राचा आपल्यावर परिणाम झाला, हे बाईंनी १९०७ सालच्या आत्मनिवेदनात नोंदवले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण दोनच वर्षांत वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा खटका उडाला. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणा धर्मगुरूकडे गहाण टाकलेली नाही, हा त्यांचा पवित्रा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा झगडा सविस्तर वाचायला मिळतो. रमाबाईंनी आपला विवेक चर्चसमोर उभा केला. गोऱ्यांनी तो स्वतःसमोर उभा केला आणि चर्चपुढे मान तुकवली. आपण रमाबाईंचे धैर्य ओळखतो, कारण ते बोलके आहे. गोऱ्यांचे धैर्य न उच्चारलेल्या शपथेत आहे, आणि असल्या गोष्टींचे कागद दप्तरात सापडत नाहीत.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत ते वारले. तोवर त्यांची उमेदवारी संपली नव्हती. त्यानंतर दोन वर्षांनी एलन लक्ष्मीने डीकनेसची दीक्षा घेतली.