‘सुहैली’च्या तळाचें पाणी

नावेंत पाणी आढळलें म्हणजे नवशिक्याचा हात प्रथम उपसण्याच्या डब्याकडे जातो. मुरलेला नावाडी मात्र आधीं त्या पाण्यांत बोट बुडवून तें जिभेला लावतो. ही रीत गांवढळ वाटली तरी तींत शास्त्र आहे. पाणी गोड लागलें तर तें पावसाचें किंवा पिण्याच्या टांकींतून झिरपलेलें. खारट लागलें तर समुद्र आंत येत आहे. तो कोठून येत आहे, हें मात्र चवीवरून कळत नाहीं. नाव डोलते, पाणी फळ्यांच्या आडून वाहत जातें आणि सर्वांत खोलगट जागीं सांचतें. म्हणून पाणी जेथें दिसतें तेथेंच तें शिरलें असेल असें मुळींच नाहीं. सगळें पाणी उपसावें, तळ फडक्यानें कोरडा करावा आणि दिवा घेऊन पहिली ओल कोठें उमटते तें पाहत बसावें, याहून चांगला उपाय अद्याप निघालेला नाहीं.

मुंबईंत बांधलेल्या एका लहान नौकेच्या बाबतींत हा शोध एका मनुष्याला भर अटलांटिक महासागरांत, एकट्यानें करावा लागला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरील तरुण अधिकारी. सहलीसाठीं स्वतःची नौका असावी, म्हणून त्यांनीं मुंबईच्या सुतारांकडून बत्तीस फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची नौका सागवानी लाकडांत बांधून घेतली. १९६४ च्या डिसेंबरांत नारळ फोडून ती पाण्यांत लोटण्यांत आली. तिचें नांव ‘सुहैली’. इराणी आखातांतील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला हें नांव देतात. सुहैल म्हणजे आपला अगस्तीचा तारा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचें नांव जिच्याशीं असें आडवळणानें जडलें, त्या नौकेच्या पोटांत पुढें समुद्रच शिरावा, हा योग मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

लांकडी जहाजांतून पाणी बाहेर राखण्याची विद्या मुंबईला नवी नव्हती. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून येथें आले, तेव्हांपासून त्यांच्या घराण्यानें बांधलेल्या सागवानी जहाजांची कीर्ति विलायतेपर्यंत गेली. फळ्यांच्या कडांना खांचा पाडून एक फळी दुसरींत बसवावयाची आणि मध्यें राळेंत भिजविलेला कापूस दाबावयाचा, ही या किनाऱ्यावरची जुनी पद्धत. १८१७ सालचें मुंबईचें ‘ट्रिंकोमाली’ हें लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर उभें आहे.

‘सुहैली’च्या फळ्यांमधील सांधे नेहमींच्या रीतीनें कापसाच्या पिळांनीं बुजविलेले होते. १४ जून १९६८ रोजीं नॉक्स-जॉन्स्टन फाल्मथ बंदरांतून एकटेच निघाले. वाटेंत कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, असा ‘संडे टाइम्स’ पत्राच्या स्पर्धेचा पण होता. बंदरांत शिरून डागडुजी केली तर पण हरला; न करावी तर दक्षिणेच्या तुफानी समुद्रांत नाव टिकणें कठीण. अशा पेंचांत असतांना केप व्हर्ड बेटांच्या आसपास तळांतलें पाणी रोज वाढूं लागलें. पंप मारून तें बाहेर टाकतां येत होतें; पण एकटा मनुष्य पंप किती मारणार आणि झोंप केव्हां घेणार?

समुद्र शांत होतांच ते पाण्यांत उतरले. दोष लगेच दिसला. नौकेचा कणा, ज्याला दर्यावर्दी लोक पठाण म्हणतात, त्याच्या लगतच्या फळीचा सांधा दोन्ही बाजूंना सुमारें आठ फूट उकलला होता, आणि नौका वर-खालीं होई तशी ती फट उघडे व मिटे. जागा पाण्याच्या पृष्ठभागाखालीं पांच फूट. शार्कच्या डोळ्यांत गोरें अंग भरूं नये म्हणून त्यांनीं गडद सदरा व विजार घातली आणि बुडी मारून कापूस फटींत ठोकण्यास आरंभ केला. पण श्वास संपून वर यावें तों कापूस बाहेर आलेला असे! मग त्यांनीं युक्ति बदलली. कापूस कॅनव्हासच्या अरुंद पट्टीवर शिवला, पट्टींत तांब्याच्या चुका टोंचून ठेविल्या, तिला डांबर फासलें आणि ती पट्टीच फटीवर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा बसविला.

मध्यें विसाव्यासाठीं ते वर आले असतांना एक शार्क घिरट्या घालूं लागला. तो जाईना, म्हणून त्याला बंदुकीनें मारावें लागलें. रक्ताच्या वासानें दुसरे येतात कीं काय हें पाहण्यांत बराच वेळ गेला आणि मग ते पुनः त्याच पाण्यांत उतरले. इतक्यांत वारा उठल्यामुळें एकच बाजू पुरी झाली. दुसरी दोन-एक दिवसांनीं, पुढची शांतता मिळाली तेव्हां. गळती जवळजवळ बंद झाली. या कामांतलें साहित्य पाहिलें तर कापूस, डांबर, कापड व तांबें, इतकेंच; वाडियांच्या गोदींतील कोणाही कारागिराला यांत अनोळखी असें कांहीं वाटलें नसतें.

पाण्याची पीडा एवढ्यानें संपली नाहीं. सप्टेंबरांत केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेस एका लाटेनें ‘सुहैली’ला आडवें पाडलें. तिच्या खोलीचें छप्पर बुंध्याशीं हललें आणि तेथूनही पाणी गळूं लागलें. पुढें पाहतात तों टांकींतलें पिण्याचें पाणीही नासलेलें! त्यानंतर शिडावरून ओघळणारें पावसाचें पाणी धरून त्यांनीं तहान भागविली.

नऊ स्पर्धकांपैकीं पण पुरा करणारे ते एकटेच. २२ एप्रिल १९६९ रोजीं, ३१२ दिवसांनंतर, ‘सुहैली’ फाल्मथला परत आली. पांच हजार पौंडांचें बक्षीस त्यांनीं स्पर्धेंत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिलें. नौकेच्या फळ्यांचे लोखंडी खिळे पुढें गंजत गेले. ते बदलून तिची दुरुस्ती करण्यांत त्यांनीं कित्येक वर्षें खर्चिलीं, आणि २०१६ सालीं ती पुनः पाण्यांत उतरली. २०१७ सालीं गोव्यांत तिच्याच नमुन्यावर ‘तुरीय’ बांधण्यांत आली, आणि पुढच्या वर्षीं कमांडर अभिलाष टॉमी ती घेऊन तशाच प्रदक्षिणेस निघाले.