देश आणि कोकण : सांगोल्याहून पाहताना

मराठ्यांच्या इतिहासात सांगोला हे नाव येते ते १७५० सालच्या कराराच्या निमित्ताने. साताऱ्याचे छत्रपती रामराजा आणि बाळाजी बाजीराव पेशवे यांच्यात हा करार झाला आणि राज्यकारभाराची सूत्रे साताऱ्याहून पुण्याकडे गेली. राजकीय इतिहास येथे थांबतो. आपण मात्र नकाशा उघडू. पेशव्यांचे भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातल्या समुद्रकाठचे. सांगोला माण नदीच्या खोऱ्यातले, समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर आत. कोकणात जेवढा पाऊस पडतो त्याचा जेमतेम सहावा हिस्सा येथे पडतो. कोकण आणि घाटावरचा 'देश' ही महाराष्ट्राची दोन शेजारी अंगे. ती एकमेकांपासून इतकी वेगळी का झाली, आणि वेगळी असूनही तुटली का नाहीत, हे या लेखात पाहू.

डोंगर पाऊस कसा वाटतो?

अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीमुळे अडतात, हे आपण वर्गात शिकवतो. मुलांच्या मनात मात्र ढग डोंगराला धडकतात आणि पाणी सांडते, असे चित्र राहते. ते दुरुस्त करायला हवे. डोंगरामुळे हवेला वर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेतील बाष्पाचे थेंब बनतात व पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडल्यावर हीच हवा खाली उतरू लागते, दाबली जाते आणि तापते. ढग विरतात.

आकडे बोलके आहेत. रत्नागिरीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला ५५०० हून अधिक. महाबळेश्वरहून सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटरवर असलेल्या वाईला १००० मिलिमीटरही पडत नाही. आणखी पूर्वेला सांगोल्यात तो सुमारे ५०० वर येतो.

पावसाचे महिनेही वेगळे. कोकणात सर्वांत जास्त पाऊस जुलैत पडतो, तर सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये. म्हणून कोकणातला शेतकरी मृगाकडे डोळे लावतो, तर सांगोल्याचा उत्तरा आणि हस्त नक्षत्रांकडे. पहिल्याचे मुख्य पीक पावसाळ्यातला भात, दुसऱ्याचे पावसाळा सरताना पेरलेली आणि जमिनीतल्या ओलीवर वाढणारी रब्बी ज्वारी. एकाच राज्यात शेतीची दोन पंचांगे चालतात ती अशी.

एक खडक, दोन माती

गंमत अशी की दोन्हीकडचा मूळ खडक बव्हंशी एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरून बनलेला हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. पुढे पावसाने त्याचे दोन वेगळे शेवट केले. रत्नागिरीच्या सड्यांवर मुसळधार पावसाने खडकातील विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि तांबडा जांभा तयार झाला. सांगोल्याकडे पाणी इतके नव्हते. तेथे चुना मातीतच राहिला, नदीकाठी ओल धरून ठेवणारी काळी चिकणमाती साठली आणि माळावर मुरमाचा पातळ थर उरला.

घरे याच गोष्टी सांगतात. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती आणि पाणी झटकून टाकणारे उतरते छप्पर. सांगोल्याकडच्या जुन्या घरांना दगडमातीच्या जाड भिंती आणि वर सपाट माळवद. मातीचा जाड थर उन्हाळ्यात घर थंड ठेवतो, आणि उन्हाळ्याच्या रात्री माळवदावर झोपताही येते. हेच माळवद चिपळूणला बांधले तर पहिल्या आषाढात गळू लागेल. ताटातही तेच. तिकडे भात, मासे, नारळ. इकडे ज्वारीची भाकरी, हुलगे, मटकी. चपळ, काटक खिलार बैल माणदेशाच्या माळावर शोभतो, भाताच्या चिखलात नाही.

घाटवाटा

एवढे वाचून कोणी म्हणेल की हवामानानेच संस्कृती घडवली. आम्हाला हे विधान अपुरे वाटते. हवामान अडचण कोणती ते ठरवते. तिच्यावर उपाय माणसे शोधतात, आणि बऱ्याचदा तो उपाय शेजारच्या प्रदेशात सापडतो.

सातवाहनांच्या काळातील नाणेघाट हा याचा जुना पुरावा. कल्याण, सोपारा ही बंदरे आणि जुन्नरचे पठार यांना जोडणाऱ्या या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वीचे कोरीव लेख आहेत. पुढेही शतकानुशतके घाटवाटांनी कोकणचे मीठ वर आले आणि घाटावरचे धान्य खाली गेले.

याहून सुंदर उदाहरण धनगरांचे. ओल्या जमिनीत मेंढ्यांचे खूर कुजतात, म्हणून पावसाळ्यात कळप कोरड्या देशावर राहतात. दिवाळीनंतर येथील चारा संपत येतो. त्याच सुमारास कोकणात भाताची कापणी होऊन शेते मोकळी होतात. मग कळप घाट उतरतात. मेंढरे रात्री शेतात बसवली की त्यांच्या लेंड्यांचे खत शेतकऱ्याला मिळते, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे. पावसाच्या आत कळप पुन्हा घाटावर येतात. दोन प्रदेशांच्या ऋतूंमधला फरक हाच या व्यवहाराचा पाया. पाऊस दोन्हीकडे सारखा असता तर हा प्रवास झालाच नसता.

सगळ्या अडचणींना असा उपाय मिळाला नाही. १८७६-७८ आणि १९७२ चे दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने सोसले. पहिल्या दुष्काळाच्या वेळी माण नदीवर म्हसवडजवळ राजेवाडीच्या तलावाचे काम हाती घेतले गेले. दुसऱ्याच्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील तरुण शिक्षक जे गाव ओस पडताना पाहतो, ते याच माणदेशातले.

पाण्याचा उलटा प्रवास

विसाव्या शतकात एक नवीन गोष्ट घडली. सह्याद्रीच्या पूर्वेला पडलेले पाणी निसर्गतः बंगालच्या उपसागराकडे जाते. कोयना प्रकल्पाने त्यातला मोठा वाटा बोगद्यांतून पश्चिमेला वळवला. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. हे पाणी खाली कोसळताना वीज देते आणि वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. दुसरीकडे, टेंभू योजनेत कराडजवळ कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून सांगोल्यासारख्या तालुक्यांकडे नेले जाते. म्हणजे एका बाजूला पाणी सोडून वीज मिळवायची आणि दुसऱ्या बाजूला वीज खर्चून पाणी चढवायचे. कारखान्यांना आणि शहरांना वीज लागते, शेताला पाणी. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पण कोणाला किती हे डोंगराने ठरवलेले नाही, आपण ठरवले आहे.

कोरड्या हवेचाही उपयोग लोकांनी करून घेतला. दमट हवेत डाळिंबावर तेल्यासारखे रोग जोर धरतात. सांगोल्याच्या कोरड्या हवेत, ठिबकच्या मोजक्या पाण्यावर, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. तेल्याने येथेही बागांचे नुकसान केले आहे. तरीही ज्या माळाला आपण नापीक म्हणत होतो त्याने हे फळ परदेशात पाठवले.

'दुष्काळी तालुका' हा शब्द शिकवताना म्हणूनच जपून वापरावा. कमी पाऊस ही निसर्गाची बाब आहे. दुष्काळ हा पाऊस, साठवण, वाटप आणि रोजगार यांचा एकत्रित हिशेब आहे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. आपल्या गावाचे आणि कोकणातील एखाद्या गावाचे महिनावार पावसाचे आकडे मिळवून मुलांना स्तंभालेख काढायला सांगावेत. त्याखाली त्या त्या महिन्यात शेतात काय चालते, घरात काय शिजते आणि कोण कोठून कोठे जाते हे लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय ही माहिती पूर्ण होणार नाही. भूगोल आणि इतिहास हे दोन वेगळे तास असले, तरी विषय एकच आहे, हे मुलांना मग वेगळे सांगावे लागणार नाही.