बिऱ्हाडातली बादली

दसरा झाला की नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीची बिऱ्हाडं हलतात. परात, घमेलं, बादली, पाण्याचं पिंप गाडीत चढतं. दार ओढताना बिजागरी करकरते, कुलपाची चावी म्हाताऱ्या आईच्या हाती राहते. परात, घमेलं, बादली, पिंप, बिजागरी, चावी हे सहाही शब्द मूळचे पोर्तुगीज आहेत. आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण.

पोर्तुगीज आले समुद्रावरून; नगरला समुद्र नाही, पण नगरच्या निजामशाहीकडे चौलचं बंदर होतं. बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने 1521 मध्ये पोर्तुगिजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. गोव्यातला त्यांचा वैद्य गार्सिया द ऑर्टा याचा या शहाशी स्नेह होता. पुढे 1570-71 मध्ये निजामशाहीनेच चौलला वेढा घातला. वसई तर पोर्तुगिजांकडे 1739 पर्यंत राहिली. एवढ्या काळाच्या देवघेवीत वस्तू आली, तिच्याबरोबर नावही आलं.

बादली मुळात 'बाल्दे'. मुंबई-कोकणात ती अजून बालदी आहे. घाट चढताना ल आणि द यांनी जागा बदलल्या. स्पॅनिशमध्येही बाल्देच. 'गामेला' होतं लाकडाचं. आपलं घमेलं लोखंडी झालं, आणि 1972 च्या दुष्काळात याच घमेल्यातून खडी-माती वाहून नगर जिल्ह्यातली हजारो घरं जगली. म्हणून हा शब्द मला परका वाटतच नाही. परात म्हणजे 'प्रातु', त्यांचं जेवायचं ताट. आपण त्यात भाकरीचं पीठ मळलं. स्पॅनिश माणूस तिथे र ऐवजी ल घालतो: प्लातो. पिंपाला या दोघी भाषा-बहिणी 'पिपा' म्हणतात, बिजागरीला 'बिसाग्रा'.

सगळ्यात मौल्यवान मला चावी वाटते. लॅटिन 'क्लाविस'पासून स्पॅनिशने 'यावे' केलं, पोर्तुगीजांनी 'चावे'. लिस्बनमध्ये पुढे त्या च चा श झाला. सोळाव्या शतकातला तो च पाथर्डीच्या म्हातारीच्या तोंडी आजही शाबूत आहे.

तेव्हा घरातल्या वस्तूंची स्पॅनिश नावं शिकायला बसाल तर आधी स्वतःच्या घरात एक फेरी मारा; निम्मी वही तिथेच भरेल. फक्त बाजारात जपा. 'पेरा' ऐकून पेरू समजू नका, ते नासपती आहे. पेरूला स्पॅनिशमध्ये 'ग्वायाबा' म्हणतात.