मतांचा आकडा आणि मतदारांची संख्या : लंडन स्कूल बोर्डवर ॲनी बेझंट (१८८८)

प्रस्तावना

ॲनी बेझंट हे नाव तुम्ही शाळेत वाचले आहे. १८९३ मध्ये त्या भारतात आल्या, १८९८ मध्ये बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज सुरू झाले, १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग स्थापन केली आणि १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. त्याआधी त्या लंडनमधील शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर निवडून आल्या होत्या, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात बहुधा येत नाही.

या टिपणात आपण ती निवडणूक पाहू. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे आकडा दिसला की तो कसा मोजला असेल हा प्रश्न आधी पडतो. इतिहास वाचताना ही सवय कामाला येते, हे तुम्हाला पुढे दिसेल.

स्कूल बोर्ड म्हणजे काय?

१८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये स्थानिक स्कूल बोर्डांची तरतूद केली. जिथे चर्चच्या किंवा स्वयंसेवी संस्थांच्या शाळा पुरेशा नव्हत्या, तिथे करातून पैसा उभा करून शाळा बांधायच्या हे बोर्डाचे काम. शाळा मोफत नव्हत्या. आठवड्याला ९ पेन्सपर्यंत फी घेता येत असे. सदस्यांची निवड दर तीन वर्षांनी होई.

त्या वेळी स्त्रियांना पार्लमेंटसाठी मतही देता येत नव्हते. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मात्र स्थानिक कर भरणारी स्त्री मतदार होती. विवाहित स्त्रीच्या घराचा कर सहसा पतीच्या नावावर असे, म्हणून मतदार स्त्रिया मुख्यतः विधवा किंवा अविवाहित असत. उमेदवार मात्र कोणतीही स्त्री होऊ शकत होती. नोव्हेंबर १८७० मध्ये लंडन बोर्डाच्या ४९ जागांसाठी पहिली निवडणूक झाली. त्यात डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट मेरिलबोन विभागातून आणि एमिली डेव्हिस ग्रीनिच विभागातून निवडून आल्या.

मतदानाची पद्धत

आता नीट लक्ष द्या. एका विभागातून जितके सदस्य निवडायचे, तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत. ही मते तो हवी तशी वाटू शके किंवा सगळी एकाच उमेदवाराला देऊ शके. आपण हिला ‘एकत्रित मतदान पद्धत’ म्हणू.

एक उदाहरण सोडवून पाहू. विभागात ५ जागा आणि १,२०० मतदार आहेत. त्यातील २०१ जणांनी ठरवून आपली पाचही मते एकाच उमेदवाराला दिली, तर त्याला १,००५ मते मिळतात. उरलेल्या ९९९ मतदारांकडे ४,९९५ मते आहेत. ती त्यांनी आपल्या पाच उमेदवारांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला ९९९ मिळतात. म्हणजे एक षष्ठांशाहून थोडा मोठा गट संघटित असेल, तर बाकी सगळे विरोधात असूनही एक जागा त्याची नक्की होते. अल्पसंख्य गटांना, विशेषतः निरनिराळ्या धर्मपंथांना, बोर्डात स्थान मिळावे म्हणून ही पद्धत ठेवली होती.

पद्धत न समजल्यास काय होते, हे १८७० मध्ये बर्मिंगहॅममध्ये दिसले. शहरात लिबरल पक्षाचे वर्चस्व होते. त्यांनी १५ जागांसाठी १५ उमेदवार उभे केले, मते विखुरली आणि निवडून आले फक्त ६. पुढच्या, म्हणजे १८७३ च्या निवडणुकीत मात्र त्यांनी मतांची आखणी केली आणि बहुमत मिळवले.

याच कारणाने त्या काळातले आकडे जपून वाचावे लागतात. मेरिलबोनमध्ये गॅरेट यांना ४७,८५८ मते पडली. दुसऱ्या क्रमांकावरील प्रसिद्ध शास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली यांना १३,४९४. पण तिथे ७ जागा होत्या. ४७,८५८ ला ७ ने भागा: गॅरेट यांना मत देणारे किमान ६,८३७ लोक होते, एवढेच खात्रीने सांगता येते. प्रत्यक्ष संख्या याच्या वर कुठेतरी असणार. विजय मोठा होता यात शंका नाही, पण ‘४७,८५८ लोकांनी मत दिले’ असे लिहिणे चूक ठरेल.

बेझंट यांची उमेदवारी

बेझंट यांच्यासाठी ही निवडणूक केवळ सार्वजनिक बाब नव्हती. पाद्री असलेल्या पतीपासून त्या १८७३ मध्ये विभक्त झाल्या. संततिनियमनावरील पुस्तिका छापल्याबद्दल १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि त्यांच्यावर खटला चालला. १८७८ मध्ये, त्या नास्तिक आहेत आणि अशी पुस्तिका छापतात या कारणाने, न्यायालयाने त्यांची लहान मुलगी मेबल हिचा ताबा काढून घेतला. जिला स्वतःचे मूल सांभाळायला अपात्र ठरवले, ती स्त्री दहा वर्षांनी लंडनच्या लाखो मुलांच्या शिक्षणासाठी मत मागत होती. हा विरोधाभास त्यांनी स्वतःही बोलून दाखवला.

त्यांचा विभाग होता पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स, मजुरांची दाट वस्ती. तिथल्या बो भागातील काडेपेटी कारखान्यात मुली कशा परिस्थितीत राबतात, यावर त्यांनी जून १८८८ मध्ये लेख लिहिला. जुलैमध्ये त्या मुलींनी संप केला आणि बेझंट यांनी त्यांची संघटना उभी करायला मदत केली. नोव्हेंबरमध्ये मतदान झाले तेव्हा हे नाव घरोघरी माहीत होते. समाजवादी, नास्तिक आणि खटला झालेली ही उमेदवार १५ हजारांहून अधिक मते घेऊन विभागात पहिली आली. जागा ५ होत्या. म्हणजे किमान ३ हजारांवर मतदार त्यांच्या मागे होते.

बोर्डातील काम

कंत्राटदारांनी कामगार संघटनांनी मान्य केलेल्या दराने मजुरी द्यावी, असा आग्रह त्यांनी धरला आणि १८८९ मध्ये बोर्डाने ते तत्त्व स्वीकारले. भुकेल्या मुलांना जेवण आणि फीमाफी हे प्रश्नही त्यांनी लावून धरले. १८९१ मध्ये सरकारी अनुदान सुरू होऊन बहुतेक प्राथमिक शाळांतली फी गेली. याचे श्रेय अर्थातच एकट्या व्यक्तीचे नाही. त्याच वर्षी त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. तोवर त्या थिऑसॉफीकडे वळल्या होत्या. पुढे लंडनचे बोर्डही १९०४ मध्ये संपले.

आपल्याशी संबंध

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा १८७० चा इंग्लिश कायदा त्यांच्यासमोर होता. सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोपवावा, ही त्यांची सूचना होती. १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ज्या सभागृहात सरकारनियुक्त सदस्यांचेच वजन, तिथे हा आकडाही लोकमत सांगत नाही.

आज शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तुमच्या गावातील शाळेची समिती कशी निवडली गेली, हे एकदा जाऊन विचारा. सदस्यांची नावे भिंतीवर असतील; निवड कशी झाली, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

स्वाध्याय

१. एका विभागात ४ जागा आणि २,००० मतदार आहेत. एक जागा नक्की मिळवण्यासाठी किती मतदारांनी एकत्र यावे लागेल?
२. बर्मिंगहॅममध्ये १८७० साली लिबरल पक्षाने किती उमेदवार उभे करायला हवे होते, हे ठरवण्यासाठी कोणती माहिती लागेल?
३. एकत्रित मतदान पद्धतीमुळे बेझंट यांचा विजय सोपा झाला का? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी एक मुद्दा लिहा.