गाव बंद झालं तेव्हा घरात काय होतं?



बाजार कोसळला, पैशाचा कागद झाला, रस्त्यावर जाळपोळ सुरू झाली तर घरात काय साठवून ठेवावं, याची चर्चा हल्ली शिकल्यासवरल्या घरांत जोरात चालते. तांदूळ किती, तेल किती, औषधं कुठली, सोनं की रोकड. करोनाच्या टाळेबंदीनंतर तर जास्तच. मी ऐकतो आणि मला आपली वस्ती आठवते. ही मंडळी ज्याला 'उद्या कदाचित येईल असं संकट' म्हणतात, ते आपल्या आज्या-पणज्यांनी भोगून झालंय. वाणी मीठ देत नाही. गिरणीवाला दळण घेत नाही. पाणवठ्यावर जाता येत नाही. रानात कामाला कुणी हाक मारत नाही. आणि रात्री कौलांवर दगड येतात. व्यवहार ठप्प होणं आणि दंगा, दोन्ही एकदम. त्याला गावात साधं नाव होतं : बहिष्कार.

हा इतिहास राजांच्या लढायांत सापडत नाही, चुलीपाशी सापडतो. म्हणून मी चुलीपासूनच सुरुवात करतो.

जुन्या महारवाड्यातल्या घरात साठा काय असायचा? कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. एका मडक्यात बलुत्याची जवारी-बाजरी, खळ्याच्या कडेला उभं राहून, पदर पसरून आणलेली. एकात भाकरीचे वाळलेले तुकडे, येसकराच्या पाळीला घरोघर फिरून मागितलेले. आणि एकात चान्या. मेलेल्या ढोराचं मांस कापून उन्हात वाळवायचं, त्या चान्या. पावसाची झड लागली, कामधंदा बंद पडला की त्या भाजून खायच्या. आमची नगरकडची आजी सांगायची, "झड लागली की उतरंडीकडं बघूनच जीवाला धीर यायचा." वाळवायचं कसं, टिकवायचं कसं, पुरवून खायचं कसं, हे ज्ञान आपल्या बायांचं. त्याची नोंद कुठल्या पोथीत नाही.

पण आता हा साठा नीट बघा. बलुतं पाटलाच्या खळ्यावरचं. भाकर गावाच्या उंबऱ्यावरची. ढोर गावाच्या गोठ्यातलं. म्हणजे संकटासाठी राखून ठेवलेला दाणा न् दाणा, ज्याच्याकडून संकट यायचं त्याच्याच हातचा. गावानं हात आखडला की मडक्यात नवी भर बंद. घरात साठा होता, पण त्या साठ्याची दोरी गावाच्या हातात होती.

हे बाबासाहेबांनी नेमकं ओळखलं होतं. महाडची परिषद आपण चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आठवतो. ते बरोबरच आहे. बोले यांचा ठराव १९२३ ला मुंबईच्या कौन्सिलात झाला होता, महाडच्या नगरपालिकेनं १९२४ ला तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलंही होतं, तरी परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. पण १९ मार्च १९२७ च्या त्या भाषणात पाण्याइतकंच भाकरीबद्दल होतं. मेलेल्या ढोराचं मांस सोडा. शिळे तुकडे मागणं सोडा. वतनाच्या मोहातून बाहेर या. पडीक, जंगलच्या जमिनी मिळवा, स्वतःचं धान्य पिकवा. पोरांना शिकवा.

आता हे एका आईच्या कानांनी ऐका. तिच्या घरात संकटकाळासाठी जे काही होतं, त्यातलं निम्मं उकिरड्यावर टाका असं तिला सांगितलं जात होतं. तेही कधी? गाव चिडणार, काम बंद होणार, हे दिसत असताना. घर भरून घेण्याच्या वेळी घर रिकामं करायला सांगणारी दुसरी चळवळ मला तरी ठाऊक नाही. तरी बायांनी मडकी फोडली. 'मग लेकरांच्या तोंडात काय घालू?' हा प्रश्न त्यांनी विचारला नसेल असं समजू नका. विचारला असणार, आणि उत्तर मिळायच्या आधीच पाऊल टाकलं असणार. आपण व्याख्यानात 'त्याग' हा शब्द वापरतो तेव्हा तो कुणाच्या चुलीवरचा होता, हे लक्षात ठेवलेलं बरं.

२० मार्चला तळ्यावर पाणी प्यालं गेलं. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. जेवण मातीत सांडलं. पुढं आसपासच्या गावांतही आपल्या लोकांचा छळ झाला.

आता त्याच वर्षाच्या डिसेंबरातली परिषद बघा, कारण तयारी म्हणजे काय ते तिथं दिसतं. महाडात सभेला जागा कुणी देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. गावचे व्यापारी माल देईनात. तेव्हा धान्य आणि सामान बाहेरून आणलं गेलं. मुंबईची माणसं बोटीनं दासगाव बंदरावर उतरली आणि तिथून महाडला चालत गेली. हजारो माणसं जेवली, आणि ती महाडच्या वाण्याच्या उधारीवर जेवली नाहीत. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली ते सगळ्यांना पाठ आहे. पण ती जाळायच्या आधी कुणीतरी बसून पिठाचा, डाळीचा, मिठाचा हिशेब केला होता, हे पाठ करायचं राहून गेलं.

पुढं मुंबई सरकारनं १९२८ ला स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात आपल्या घराचं अर्थशास्त्र चार ओळींत मांडलंय. अस्पृश्यांपैकी कुणी सवर्णांची जमीन मालकाच्या मर्जीवर कसतो, कुणी त्यांच्या रानात मजुरी करतो, कुणी गावकीच्या कामाबद्दल मिळणाऱ्या धान्यावर जगतो. म्हणून मारहाणीपेक्षा बहिष्काराचं हत्यार जास्त भयंकर. हात न उचलता माणूस मोडता येतो. वाट बंद करायची, दुकान बंद करायचं, काम बंद करायचं. पोलिसांना दाखवायला अंगावर जखमही नसते. गोलमेज परिषदेपुढं बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली, त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा दाखला दिला. आणि १९२८ पासून वतनाच्या कायद्यावर घाव घालायला सुरुवात केली. मुंबई राज्यातली ही वतनं कायद्यानं संपली १ ऑगस्ट १९५९ ला. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते. त्याच १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. माणसांनी तुरुंग भरले. मागणी काय? पडीक जमीन द्या. महाडला सांगितलेली गोष्टच पुन्हा. मडक्यात पडणारा दाणा गावाच्या हातून नको.

ही गोष्ट खरी असल्याचा दाखला १९७२ च्या दुष्काळानं दिला. विहिरी आटल्या, पाटलाची कणगीही रिकामी झाली. सरकारी कामं निघाली, १९७३ च्या मे महिन्यात त्यांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. आमची माय खडी फोडायला जायची. रेशनला लाल मिलो यायची, पोरांना सुकडी मिळायची. हाल होते, खोटं कशाला सांगू? हाताला फोड, तोंडाला धूळ. पण माय एक गोष्ट हसून सांगायची : "पाटलीण माझ्याच शेजारी बसून खडी फोडत व्हती, अन् दोघींचाबी पगार एकाच खिडकीवर." तिच्या आयुष्यातली ती पहिली मजुरी, जी गावच्या हातून आली नव्हती. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ज्याला गावाबाहेरून काम मिळू शकतं त्याला गाव उपाशी मारू शकत नाही. उपाशी मारता येत नाही म्हटल्यावर गाव काय करतं, तेही त्याच काळात दिसलं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. गावोगाव वस्त्या जाळल्या, धान्य जाळलं. माझी थोरली आत्या परभणीकडं दिलेली. तिचं घर जळालं तेव्हा वर्षाची जवारी घरात भरलेली होती. ती स्वतःच्या कष्टाची, कुणाकडं मागितलेली नव्हती. म्हणूनच डोळ्यांत सलली असणार. आत्या आमच्याकडं आली ती दोन लेकरं आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत लुगडं नव्हतं. पोरांचे शाळेचे दाखले होते, रेशनकार्ड होतं, बाबासाहेबांचा फोटो होता. जवारी पुढच्या सुगीला पुन्हा भरता आली. दाखले जळाले असते तर पोरांची फी-सवलत, वसतिगृह, नोकरी, सगळ्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले असते. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तोवर त्याच दाखल्यांवर तिचा थोरला शिकून कामाला लागला होता.

आता अलीकडचं बघू. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. डब्याच्या तळाशी बायांनी दडवलेली रोकड एका रात्रीत संशयास्पद ठरली. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि शहरात आलेला मजूर एका दिवसात बेकार झाला. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघालेली, मध्य प्रदेशातली माणसं. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. शिदोरी त्यांच्याजवळ होती. नव्हती ती थांबायला जागा आणि विचारपूस करणारं माणूस.

म्हणून मी म्हणतो, घरात साठा जरूर करा, महिन्याभराचं धान्य-मीठ-तेल असलंच पाहिजे. पण एकट्या घराची उतरंड लवकर रिकामी होते, आणि भरलेली उतरंड जळूही शकते. आपल्या इतिहासात टिकलं ते वेगळंच. गावाबाहेरून येणारी मजुरी. जळाली नाहीत ती कागदपत्रं. आत्याला थारा देणारं दुसऱ्या गावातलं घर. सभेला जागा देणारा फत्तेखान. आणि सगळ्यांच्या जेवणाचा एकत्र हिशेब करणारी माणसं.

तेव्हा कामाला लागा. वस्तीतल्या प्रत्येक घराचे जातीचे दाखले, रेशनकार्ड, सातबारा, गायरान कसणाऱ्यांच्या दंडाच्या पावत्या यांच्या प्रती काढा आणि एक संच दुसऱ्या गावी ठेवा. त्या पावत्या टाकू नका. १४ एप्रिल १९९० पर्यंतचं अतिक्रमण सिद्ध करायला पुष्कळांना त्याच कामी आल्या. सामाजिक वा आर्थिक बहिष्काराची नुसती धमकीही अॅट्रॉसिटी कायद्याखाली २०१६ पासून गुन्हा आहे, हे बायांच्या बैठकीत सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. जळालेलं घर सरकारी खर्चानं बांधून देण्याची तरतूद त्या कायद्याच्या नियमांत आहे. कुणाच्या घरात म्हातारं माणूस, कुणाकडं बाळंतीण, कुणाचं पोट रोजच्या मजुरीवर, याची यादी करा. शेजारच्या मातंग, भटक्या, मुसलमान वस्तीत आधीपासून जाणंयेणं ठेवा. आग लागल्यावर ओळख करून घेता येत नाही.

आणि येत्या जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा डीजेच्या आधी बाजूला काढा. त्यातून वस्तीच्या नावानं चार पोती धान्य विहारात ठेवा. पावसाळ्यात ज्याला लागेल त्यानं न्यावं, सुगीला परत आणून टाकावं. हिशेबाची वही बायांच्या हातात द्या. उतरंड त्यांनीच सांभाळली आहे, आणि ती फोडायची वेळ आली तेव्हा फोडलीही त्यांनीच.

जयभीम.